चित्राच्या वरच्या ओळी

३ मार्च

आईच्या लेकरांनो,

म्हणजे तू आणि मी; तिसरं कोणी नाही. सभांची सवय जात नाही, समोर एकच माणूस असला तरी मी अनेकवचनातच सुरू होते. पण बारक्या, गाऱ्हाणं दोघांचं आहे, म्हणून हाकही दोघांना. जिनं दुसऱ्यांची बहिरी पोरं बोलती करण्यात जन्म घातला त्या आपल्या आईला आता बोलता येत नाही. तिचं बोलणं परत मिळण्याची एकच वाट उघडी होती, ती एका यंत्रानं अडवली आहे. यंत्राच्या खोक्यावर तुझ्या कंपनीचं नाव आहे.

अर्धांगाच्या झटक्यानंतरचं तुला फोनवर कळवलं होतं. तू "काळजी घे" म्हणालास. घेतली. आता पुढचं ऐक. उजवा हात बराचसा परत आला आहे, आई स्वतःचा पदर स्वतः सावरते. समजतं तर सगळंच. पण तोंडातून शब्द निघतो तो एकच. "शी!"

चहा आला, शी. डॉक्टर आले, शी. शेजारच्या काकू दारातूनच "लवकर बऱ्या व्हाल हो" असं गोड गळ्यानं म्हणाल्या, त्यांनाही शी. काकू रुसल्या. मला मात्र आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आई माझ्या पक्षात आली.

वाचोपचाराच्या बाई आठवड्यातून तीनदा येतात. लहान चणीच्या, पायात कायम पळायचे बूट, कामाला चोख. त्या म्हणाल्या, किळसेचे आणि रागाचे शब्द मेंदूत वेगळ्या खोलीत राहतात. आईच्या घराला आग लागली त्यात ती एवढी खोली वाचली. बाकीचे शब्द जळलेले नाहीत, पण त्यांच्यापर्यंत जायचा जिना पडला आहे. त्यावर उपाय असा: समोर कोणीतरी सावकाश, तोंड स्पष्ट दिसेल असं बोलायचं आणि रोग्यानं त्याच्या ओठांकडे बघत त्याच्याच बरोबर बोलायचं. एकटीला जे जमत नाही ते जोडीनं जमतं.

बाईंच्या ओठांकडे आई बघेना. तू ओळखतोस तिला. दुसऱ्या शिक्षकाच्या वर्गात ती बसेल का? तिनं मान फिरवली आणि आपला शब्द उच्चारला.

मग तो पाट्या रंगवणारा आला, आईचा जुना विद्यार्थी, ज्याला ती "माझा सगळ्यात हट्टी" म्हणायची. आईची शाळा मोडताना भंगारात निघालेल्या व्हिडिओ टेपांमधली एक त्यानं उचलून घरी ठेवली होती. ती टेप आम्ही लावली. पडदाभर आईचा चेहरा. आयुष्यात कधी ओठ रंगवले नाहीत तिनं. इथे मात्र गडद लाल, पोरांना ओठ वाचता यावेत म्हणून. आणि ती सावकाश सांगते आहे: दार उघड. पाणी दे. मला हे नको. पुरे.

बारक्या, खाटेवरच्या आईचे ओठ हलायला लागले. पडद्यावरच्या आईबरोबर. "पाणी दे" मधला "पा" बाहेर पडला, फुटका, पण पडला. बाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. "ताई, हेच. रोज सकाळ-संध्याकाळ हेच. पहिले काही महिनेच हाताशी असतात, नंतर जिना बांधणं कठीण होत जातं."

पण टेप जुनी आहे. एकदा चालवली की यंत्राच्या आत तपकिरी भुकटी सांडते. ती भुकटी म्हणजेच चित्र, हे तुला मी सांगायला नको. रोज दोनदा चालवली तर आठवड्याभरात आई पुसून जाईल. म्हणून तुमच्या कंपनीचा नवा रेकॉर्डर आणला, टेपवरून चकतीवर उतरवणारा. वायरी जोडल्या, बटण दाबलं. आईच्या तोंडावर काळी पट्टी आली: "ही सामग्री संरक्षित आहे. रेकॉर्डिंग करता येणार नाही."

संरक्षित! कोणापासून? माझ्यापासून? ज्या बाईचा तो चेहरा आहे ती समोर खाटेवर बसली आहे, तिच्यापासून?

कोणतं बटण दाबायचं ते कळव. एवढंच विचारते आहे. बाकी मला तुझ्याकडून काही नको.

ताई

ता. क. आई बरी आहे असं तू नातेवाइकांना सांगतोस म्हणे. सांगू नकोस.


१५ मार्च

बारक्या,

तुझं पत्र मिळालं. टाईप केलेलं, समास सोडलेलं, खाली सही. बहिणीला लिहिलंस की ग्राहकाला?

"असं कोणतंही बटण नाही." बरं. "जुन्या टेपच्या सिग्नलमध्ये गोंगाट असतो, तो कधी कधी संरक्षणाच्या खुणेसारखा भासतो." बरं. आणि मग तुझं ते रत्न: "चुकीने अडवल्या जाणाऱ्या टेपांचं प्रमाण नगण्य आहे."

मी आयुष्य ग्रंथालयात घालवलं, संघटनेच्या व्यासपीठावर घालवलं. शब्द कुठे ठेवलेत यावरून माणूस ओळखते. नगण्य म्हणजे थोडं नव्हे. नगण्य म्हणजे ज्याला मोजायचं नाही असं कोणीतरी ठरवलंय ते. आपली आई नगण्य आहे हे ठरवताना तुम्ही किती जण होतात? खोलीत गारवा होता का? बिस्किटं होती का?

तू विचारलंयस, पडद्यासमोर कॅमेरा ठेवून चित्र का घेत नाही. घेतलं. पडद्यावर पट्टे फिरतात आणि ओठ थरथरतात, पाण्याखाली बोलल्यासारखे. ते बघून आईनं डोळे मिटले. ओठच दिसले नाहीत तर उरलं काय? दुरुस्तीच्या दुकानात उतरवून घे, असंही लिहितोस. दोन दुकानं फिरले. दोन्हीकडे हीच पट्टी, कारण दोन्हीकडे अशीच यंत्रं.

मग बाजारातल्या गल्लीत गेले. तिथे एक चष्मेवाला बसतो, चष्मे विकत नाही, नाकावर दोन लावतो, म्हणून ते नाव. त्याच्याकडे सिग्नल साफ करणारा डबा मिळतो असं ऐकलं होतं. टेपयंत्र आणि रेकॉर्डर यांच्या मध्ये लावला की कुलूप निघतं.

मी म्हटलं, "डबा द्या."

तो म्हणाला, "मावशी, उशीर केलात. मागच्या महिन्यात धाड पडली. कायदा झालाय ना आता. उचलून नेले सगळे."

"कोणी?"

"साहेबलोक होते. कंपन्यांचे वकील. एकानं तर पावती पण दिली. शिस्तीची माणसं!"

आणि हे बोलताना त्याच्या काउंटरवर काय होतं? अजून पडद्यावरून उतरलाही नाही अशा सिनेमाच्या नकला, चवड रचून, वर रबर लावून. मी बोट दाखवलं. "हे कसं उतरवलंत मग?"

तो हसला. "मावशी, ज्यांना चोरायचंय ते तुमच्या रेकॉर्डरवर थोडेच चोरतात? त्यांची यंत्रं वेगळी."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हे. पण म्हणीत निदान राजा मूर्ख असतो. तुम्ही मूर्ख नाही. तुम्हाला ठाऊक आहे की तुमच्या कुलुपानं एकही चोर अडत नाही, अडतात ती घरातली माणसं. तरी तुम्ही कुलूप लावता, कारण सिनेमावाल्यांना कुलूप दिसायला हवं असतं. मला याची किळस येते. रागाला निदान ऊब असते. हे गार आहे, भिंतीवर चढलेल्या ओलीसारखं.

त्या सभेचा विषय तू पुन्हा काढला आहेस. शाळा बंद झाली त्या सभेत मी तुझं नाव घेतलं नव्हतं. "काही जण शाळेत शिकून शाळेच्या मारेकऱ्यांकडे नोकरीला जातात" एवढंच म्हटलं; तेव्हा मी सगळ्याच कंपन्यांना मारेकरी म्हणायचे. काही जण. त्यावर तू उठून गेलास, ते तू स्वतःलाच लावून घेतलंस.

आईसमोर टेप पहिल्या दिवसानंतर फक्त दोनदा लावली. दोन्ही वेळा बाईंनी सांगितलं म्हणून. भुकटी वाढली आहे.

ताई


२४ मार्च

काल काय झालं ते क्रमानं सांगते, कारण तुझ्यासारख्या माणसाला क्रम आवडतो.

पाट्या रंगवणारा आईला बघायला आला. मी टेप लावली नाही. तोच खुणेनं म्हणाला, थोडीशी, एक मिनिट. माझ्या खुणा मोडक्या आहेत, आई मला नेहमी हसायची, पण एवढं कळतं. लावली. तो पडद्याच्या खालच्या बाजूला बघत राहिला. मग माझ्याकडे वळून दोन बोटांनी हवेत एक ओळ काढली आणि हात पालथे केले: अक्षरं कुठे गेली?

कुठली अक्षरं?

तो म्हणाला (खुणेनंच, पण माझ्या कानात आता तो बोलतोच): चित्राखाली अक्षरं यायची. शाळेत. आई बोलायची, आम्ही ओठ बघायचो, चुकलो तर खाली अक्षरं बघायचो. टीव्हीजवळ एक डबा होता.

मला डबा आठवेना. त्यानं कपाळावर हात मारला आणि आपल्या जुन्या टीव्हीच्या मागे हात घालून एक बटण पिळलं. चित्र खाली घसरलं, आईचा चेहरा अर्धा झाला, हनुवटी वर आणि कपाळ खाली. दोन चित्रांच्या मध्ये काळा पट्टा दिसायला लागला. एरवी कधी न दिसणारा, चौकटीच्या वर लपलेला. आणि त्या काळ्या पट्ट्यात, बारक्या, पांढरे ठिपके नाचत होते. आई बोलली की नाचायचे. गप्प झाली की थांबायचे.

त्यानं छातीवर बोट ठेवलं, मग उंची दाखवली, सडपातळ, केस कपाळावर. तू. ही गंमत तूच त्या पोरांना शिकवली होतीस. "चित्राच्या वर काही ओळी असतात, कोणी बघत नाही, तिथे मी तुमचे शब्द ठेवलेत."

मग मला सगळं आठवलं. जेवणाच्या टेबलावर महिनाभर पसरलेला तुझा पसारा, डाग देण्याच्या तारेचा धूर, आईची ओरड: "अरे, ताट कुठे ठेवू, तुझ्या डोक्यावर?" त्या डब्यानं तुझं नाव झालं. त्या डब्यामुळे तुला ती नोकरी लागली. न दिसणाऱ्या ओळींमधलं ज्याला कळतं असा माणूस त्यांना हवा होता, आणि तो आपल्या आईच्या शाळेत तयार झाला होता.

टेपवर गोंगाट नाही. तुझे शब्द आहेत. बहिऱ्या पोरांसाठी तू तिथे ठेवलेले शब्द आहेत, आणि तुझंच यंत्र त्यांना कुलूप समजतं.

"आपलेच दात आणि आपलेच ओठ" हे मी इतकी वर्षं भाषणात वापरलं. इतकं तंतोतंत कधी लागू पडलं नव्हतं.

आता मला नगण्य लिहून पाठवू नकोस. खरं लिही. तुला हे ठाऊक होतं का?

ताई

ता. क. आईला सांगितलं नाही. पण पट्ट्यातले ठिपके तिनं पाहिले. "शी" म्हणाली नाही. बराच वेळ बघत राहिली.


५ एप्रिल

यंत्र पोचलं. पत्रही. या वेळी हातानं लिहिलेलं आहे, तेव्हा मीही सभेतून खाली उतरून बोलते. जमेल तितकं.

तुझं समजावणं मला कळलं, कारण समजावण्यात तू आईवर गेला आहेस. सिनेमावाले त्या लपलेल्या ओळींमध्ये खोटी खूण भरतात. खूण दोन भागांची: आधी एक खोल खड्डा, लगेच एक उंच टेकाड. जुनी टेपयंत्रं त्यानं भांबावायची, चित्र कधी काळवंडायचं, कधी भगभगायचं. नवी यंत्रं भांबावत नाहीत. म्हणून त्यांना शिकवावं लागतं की खूण ओळख आणि स्वतःहून थांब. ते शिकवणं तुझं काम. तुझ्या डब्यानं भरलेल्या अक्षरांना टेकाडं आहेत, खड्डे नाहीत. खड्डा आणि टेकाड दोन्ही तपासलं असतं तर आईची टेप अडली नसती. पहिल्या आराखड्यात तू दोन्ही तपासलं होतंस. मग साहेब म्हणाले, नकलेच्या नकलेत खड्डा बुजतो, एखादा सिनेमा निसटेल. तू खड्डा काढून टाकलास. आता नुसतं टेकाड दिसलं की कुलूप. "संशय आला की नाही म्हण," हा तुमचा नियम, तुझ्या अक्षरात.

आणि पुढच्या ओळीत तू लिहितोस: "ताई, तुझं पहिलं पत्र वाचतानाच मला शंका आली होती."

आली होती! मी इथे गल्लीबोळ धुंडाळत होते, आई मान फिरवून बसली होती, हाताशी असलेले महिने जात होते, आणि तुला शंका आली होती. आणि तू बसलास आणि "प्रमाण नगण्य" असं टाईप केलंस. मी हे वाक्य आईच्या खोलीत वाचलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन वाचलं, नळ सोडून.

तू लिहितोस, एकदा बैठकीत तू शाळांच्या टेपांचा विषय काढला होतास. साहेब म्हणाले, "बहिऱ्यांच्या शाळेच्या टेपा कोण उतरवायला बसलंय?" आणि सगळे हसले. सगळे म्हणजे किती जण ते तू लिहीत नाहीस. मी तुला लहानपणापासून बघते आहे. घाबरलास की तू आधी हसतोस.

आता यंत्राचं. तुमच्या प्रयोगशाळेतलं, तपासणी बंद केलेलं, मागच्या बाजूला पट्टी चिकटवलेली: "बाहेर नेण्यास मनाई". तू नेलंस. त्याबद्दल दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही फाडली. पण त्यासोबत तू अट घातलीस. आईची टेप उतरव, यंत्र परत कर, कोणाला सांगू नकोस.

म्हणजे आपल्या आईपुरतं कुलूप काढायचं. ज्याचा भाऊ तुमच्या प्रयोगशाळेत नाही त्यानं काळी पट्टी बघत बसायचं. वशिल्याला मी आयुष्यभर शिव्या घातल्या, आणि तो शेवटी पार्सलनं माझ्याच दारात आला.

मी काही हरिश्चंद्र नाही. यंत्र ठेवून घेतलं. आईच्या जिभेपेक्षा माझी तत्त्वं मोठी नाहीत. पण अट मला मान्य नाही. परत हवं असेल तर स्वतः येऊन ने. पलंग तुझा आहे तिथेच आहे. त्यावर सध्या माझी पुस्तकं आहेत, ती हलवता येतात.

उद्या सकाळी बाई आल्या की टेप लावणार.

ताई


२१ एप्रिल

बारक्या,

उतरली. पूर्ण. काळी पट्टी आली नाही. मी बटण दाबलं तेव्हा बाईंनी पायातले बूट काढून ठेवले होते, का कोण जाणे. शेवटच्या भागात टेप किंचाळायला लागली, चित्र फाटलं, पुन्हा जुळलं. बाहेर काढली तेव्हा कड वर दुमडली होती. पाट्या रंगवणाऱ्यानं ती बोटांनी सरळ केली आणि मला खुणेनं म्हणाला, अजून एकदा चालेल. कदाचित. त्यानंतर नाही.

चकती मात्र रोज चालते. सकाळी आणि चहानंतर. आई आपल्याच चेहऱ्यासमोर ताठ बसते, शाळेत बसायची तशी, आणि दोन्ही आया एका सुरात बोलतात. दार उघड. पाणी दे. मला हे नको. जोडीनं तिला आता जवळजवळ सगळं येतं. चकती थांबवली की शब्दही थांबतात. बाई म्हणतात, घाई नको, जिना एका पायरीनं बांधला जात नाही. मी त्यांना म्हटलं, घाई मी करत नाही, मी फक्त विचारते. त्या म्हणाल्या, "तुम्ही विचारता तेही भाषणासारखं विचारता."

एक गोष्ट मी तुला सांगणार नव्हते. टेपमध्ये दोन धड्यांच्या मध्ये एक आवाज आहे. कॅमेऱ्यामागून. "आई, हळू. परत एकदा म्हण, ओठ नीट दिसले नाहीत." तुझा. नुकताच फुटत होता तेव्हाचा, वर एक खाली एक जाणारा. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा आईनं पडद्यावरून नजर काढली आणि दाराकडे बघितलं. त्यानंतर रोज बघते. मी तिला सांगितलं की तू कामात आहेस. तुझ्या वतीनं मी खोटं बोलते आहे, सरावानं जमायला लागलंय.

परवा तुझं छोटं पत्र आलं. गुरुवारी बैठक आहे, आराखड्यावर सह्या व्हायच्या आहेत. सह्या झाल्या की तो नियम चिपमध्ये ओतला जाईल आणि ती चिप तुमच्याच नव्हे, इतरांच्याही रेकॉर्डरमध्ये बसेल. एकदा ओतली की बदलता येत नाही. खुणा ओळखण्याच्या भागावर सही तुझी. "मी काय करावं असं तुला वाटतं, ते मला ठाऊक आहे, ताई, पण माझी परिस्थिती समजून घे."

मी ते पत्र आईसमोर वाचलं. मोठ्यानं. आणि मग मी सुरू झाले. काय काय बोलले ते तुला कल्पनेनं कळेल: परिस्थिती, सह्या, हसणारे साहेब, जगातल्या सगळ्या आयांच्या तोंडावर ओतली जाणारी चिप, पोटासाठी जीभ विकणारे लोक. मी उभी होते, हात वर होता, खोलीत एकच श्रोता. बहुधा फार वेळ बोलत होते.

आणि आई म्हणाली, "पुरे."

पडदा बंद होता. चकती खोक्यात होती. तिच्यासोबत कोणी बोलत नव्हतं. तिचं तिनं शोधून काढलं आणि माझ्या तोंडावर फेकलं. मी हात वर ठेवूनच उभी राहिले. बाई स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला घेऊन आल्या त्या तशाच थबकल्या. "काय म्हणालात?" त्यांनी विचारलं.

आईनं त्यांच्याकडे बघितलं, ज्या नजरेनं ती मंद पोराला धडा पुन्हा सांगायची त्या नजरेनं. "पुरे," ती म्हणाली. "पुरे."

बाई रडल्या. मी नाही. मी हात खाली घेतला आणि खुर्चीत बसले. आईला त्याचाच जास्त आनंद झालेला दिसला.

मग तिनं तुझं पत्र माझ्या हातून काढून घेतलं, ओळीवर बोट ठेवत वाचलं, आणि टेपकडे बोट केलं. मूळ टेपकडे. मग तुझ्या पत्रावरच्या पत्त्याकडे. मी म्हटलं, "त्याला पाठवू? अगं, एकदाच चालेल ती आता." तिनं पुन्हा तेच केलं. टेप, पत्ता. मी म्हटलं, "आणि वाटेत मोडली तर?" तर जुना शब्द आला, माझ्याचसाठी, पूर्ण जोरात.

म्हणून हे पार्सल. कापसात गुंडाळली आहे, पाट्या रंगवणाऱ्यानं वर लाल अक्षरांत "नाजूक" लिहिलंय, वळणदार, दुकानाची पाटी असावी तसं. तुझं यंत्र पाठवलेलं नाही, ते न्यायला तुला यायचंच आहे.

मी तुला हुतात्मा हो म्हणत नाही. नोकरी सोड म्हणत नाही, पेपरात पत्र लिही म्हणत नाही, माझ्या सभेत ये असं तर मुळीच म्हणत नाही. तुमच्या खोलीतले लोक आकडे बघून हसतात, कारण आकड्याला तोंड नसतं. त्यांना एकदा तोंड दाखव. लाल ओठांचं, सावकाश बोलणारं, तुझ्याकडे बघून "मला हे नको" म्हणणारं. या टेपमध्ये एकदाच चालण्याइतका जीव आहे. तो तुझ्या घरी, दार लावून, एकट्यानं खर्चू नकोस. तुला मोह होईल. मलाही झाला होता.

गुरुवारी, सही करण्याआधी, ही टेप सगळ्यांसमोर लाव, तुमचं विकायचं यंत्र तिला जोड, आणि सगळे बघत असताना रेकॉर्डचं बटण दाब.

ताई